टपावरचं कॅरिअर आणि लाइट बार : आधी काय, नंतर काय

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या सहा-सात जणांनी गाडीच्या टपावर कॅरिअर आणि लाइट बसवले आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच चूक केली, ती म्हणजे सुरुवात लाइटपासून केली. कुठेतरी सेल लागला, लाइट बार (एलईडी दिव्यांची लांब पट्टी) स्वस्तात मिळाला, मग तो लावायला कॅरिअर पाहिजे म्हणून कॅरिअर आणलं, मग ते कशावर बसणार याचा विचार, मग वायरिंगवाला म्हणाला हेडलाइटमधूनच देतो कनेक्शन, आणि कायदा काय म्हणतो ते कळलं नाक्यावर गाडी अडवल्यावर. म्हणजे जो क्रम असायला पाहिजे त्याच्या बरोबर उलटा. मीही पहिल्या वेळी हेच केलंय, त्यामुळे कुणाला हसत नाहीये.

माझी गाडी बोलेरो आहे, पत्र्याचा टप आणि दोन्ही बाजूंना पावसाचं पाणी वाहून जायची पन्हळ. खाली जे लिहिलंय ते अशा पन्हळवाल्या गाड्यांना, म्हणजे बोलेरो, जिम्नी वगैरेंना सरळ लागू होतं. तीन दरवाज्यांच्या थारचा हार्ड टॉप फायबरचा असतो, तिथे काही गोष्टी बदलतात, त्या त्या त्या जागी सांगितल्यात.

१. आधी कागद, मग पाना

हा टप्पा सगळे सोडतात कारण कंटाळवाणा आहे. पण लाइट कसा बसवायचा हे यावरूनच ठरतं म्हणून इथूनच सुरुवात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी नोंदवली त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं, त्यात नियमबाह्य बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे नीट वाचा, कॅरिअर एक, लाइट दुसरा, असं मोजलं जाऊ शकतं.

लाइटचं वेगळं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १११ व्या नियमाप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई आहे. सगळे सांगतात की कव्हर घातलं की चालतं. कव्हर घालावंच, पण नियमात प्रश्न लाइट पेटवण्याचा नाही, बसवण्याचा आहे, त्यामुळे कव्हर दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मी काढलेला मार्ग सोपा आहे. कॅरिअर क्लॅम्पचं, पाना घेऊन अर्ध्या तासात उतरेल असं. आणि लाइट बार दोन नॉबवर आणि एका वॉटरप्रूफ कनेक्टरवर, दोन मिनिटांत निघेल असा. सार्वजनिक रस्त्यावर बार डिकीत, खासगी जागेत किंवा ऑफ-रोड ट्रॅकवर पोचलो की वर. काढता येणारं कॅरिअर असलं तरी तुमच्या आरटीओत एकदा विचारून घ्या, जमलं तर लेखी.

विमा कंपनीलाही ईमेल टाकून कळवा. पुढे वायरिंगला आग लागली तर सर्व्हेअर सगळ्यात आधी बाहेरून जोडलेली वायर शोधतो.

तपासा : गाडी वॉरंटीत आहे का? असेल तर कंपनीच्या वायरिंगला कुठेही कात्री लावायची नाही हे आत्ताच ठरवा. पुढचं सगळं वायरिंग मी तसंच सांगितलंय.

२. वजनाचा हिशोब

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेलं असतं. तो आकडा चालत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. इथे लोक हमखास फसतात. तीन दरवाज्यांच्या जिम्नीला हा आकडा ३० किलो आहे. आता त्यावर २५ किलोचं लोखंडी कॅरिअर ठेवलं तर सामानाला उरले पाच किलो. म्हणजे एक ताडपत्री आणि दोरी.

फॅब्रिकेटरकडून कॅरिअर करून घेणार असाल तर वजन आधीच काढता येतं. २५ बाय २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला साधारण १.२ किलो भरतो. दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद कॅरिअरला खालची चौकट, वरची रेलिंग आणि मधल्या पट्ट्या धरून सतरा-अठरा मीटर पाइप लागतो, म्हणजे वीस-एकवीस किलो, वर पाय आणि क्लॅम्पचे चार-पाच. तेच ॲल्युमिनियममध्ये पाइपाचं वजन साधारण तिसरा हिस्सा होतं, पण पैसे जास्त आणि चांगला ॲल्युमिनियम वेल्डर शोधावा लागतो. माझं मत विचाराल तर छोट्या गाडीला ॲल्युमिनियमच, बोलेरोसारख्या गाडीला लोखंड चालून जातं.

आता सामान. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, कॅन वेगळा. वीस लिटर डिझेल साडेसोळा-सतरा किलो, पण इंधन टपावर ठेवूच नका, गाडी कलंडली तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. स्टेपनी वर टाकायची हौस असेल तर ती चाकासकट वजनकाट्यावर ठेवून बघा, बऱ्याच जणांची हौस तिथेच फिटते.

कागदावर दोन रकाने करा, एकात मॅन्युअलचा आकडा, दुसऱ्यात कॅरिअर अधिक लाइट अधिक सामान. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त झाला तर सामान गाडीत खाली ठेवा. पत्रा तुटेल ही भीती तर आहेच, पण खरी भानगड तिरक्या उतारावर होते. टपावरचे चाळीस किलो सपाट रस्त्यावर जाणवत नाहीत, पण गाडी एका बाजूला झुकली की तेच वजन तिला आणखी झुकवतं.

सावधान : ऑफ-रोडला मॅन्युअलच्या आकड्याच्या निम्मंच धरा. खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा क्लॅम्पवर ताण सामानाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पटही येऊ शकतो.

३. कॅरिअर करून घेताना

पुण्यात नाना पेठेत तयार कॅरिअर मिळतात, बाकी ठिकाणी वेल्डिंगवाला बनवून देतो. दोन्ही ठीक, फक्त माप तुम्ही घ्या, त्याच्या अंदाजावर सोडू नका.

पन्हळीची लांबी मोजा आणि ती कुठून कुठपर्यंत सरळ आहे ते बघा, टोकाला ती वळते आणि वळणावर क्लॅम्प नीट धरत नाही. टपाची सगळ्यात उंच जागा मधोमध असते, तिच्यापासून कॅरिअरच्या खालच्या पाइपात किमान चार सेंमी मोकळे हवेत, एक तर भाराने चौकट थोडी लवते आणि दुसरं म्हणजे खाली हात घालून टप पुसता आला पाहिजे. कोकणात गाडी नेत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, खारा चिखल कॅरिअरखाली साचून राहिला तर रंग धरत नाही. क्लॅम्प किमान सहा, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मागचा दरवाजा पूर्ण उघडतो का, अँटेना आडवी येते का, हेही बघून ठेवा.

पुढच्या टोकाला लाइट येणार असेल तर कॅरिअर काचेच्या वरच्या कडेपासून दहा-पंधरा सेंमी मागे संपवा. लाइट पुढे काढला की त्याचा उजेड बॉनेटवर पडतो आणि तो परत डोळ्यात येतो.

सावधान : वेल्डिंग गाडीवर करू द्यायचं नाही, टाका मारायलासुद्धा नाही. "इथल्या इथे एक टाका मारतो, माप परफेक्ट बसेल" असं म्हणतात. मी एकदा हो म्हणालो. ठिणग्या पुढच्या काचेवर उडाल्या, त्याचे बारीक खड्डे पडले, रात्री समोरून गाडी आली की आजही ते चमकतात. शिवाय बॅटरी जोडलेली असताना बॉडीवर वेल्डिंग केलं तर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जायची भीती असते.

४. कोरडी बसवणी

रंग द्यायच्या आधी कॅरिअर एकदा नुसतं बसवून बघायचं. हा टप्पा गाळला की पावडर कोटिंग झालेलं कॅरिअर परत ग्राइंडरखाली जातं.

टपावर जुनी गोधडी टाका. दोन माणसं दोन बाजूंना, तिसरा मागून आधार द्यायला. कॅरिअर ठेवलं की गोधडी ओढून काढा, क्लॅम्प हाताने लावा, पाना अजून नाही. समोरून चार पावलं मागे जाऊन बघा, डावी-उजवी बाजू सारखी आहे का. आता चारही दरवाजे उघडा आणि बंद करा. क्लॅम्पचा खालचा ओठ दरवाज्याच्या रबरावर येत असेल तर दरवाजा बंद होतो खरा पण रबर दबतं आणि पहिल्या पावसात पाणी सीटवर. क्लॅम्प दोन-तीन सेंमी सरकवून बघा.

सगळं जमलं की पन्हळीवर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग खाली उतरवून रंगाला द्या.

थारच्या फायबर टॉपवर ही पन्हळच नसते. तिथे कॅरिअरचा भार बॉडीच्या लोखंडी भागावर किंवा बाहेरच्या सांगाड्यावर गेला पाहिजे, फायबरला भोकं पाडून त्यावर बोल्ट मारणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

तपासा : आत्ताच एकूण उंची मोजा. बोलेरो साधारण १.८८ मीटर, त्यावर कॅरिअर चौदा-पंधरा सेंमी, त्यावर लाइट. दोन मीटर सहज ओलांडतात. सोसायटीचं किंवा मॉलचं तळघर आणि तिथला आडवा बार किती उंचीवर आहे ते माहीत करून घ्या आणि स्वतःची उंची डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. आपण विसरतो.

५. लाइट : कोणता आणि कशासाठी

आता कुठे लाइटची पाळी.

सगळ्यात आधी एक कडू गोष्ट. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध्यात धुकं उतरलं की टपावरचा लाइट कामाचा नाही. तो तुमच्या डोळ्याच्या रेषेच्या जवळ असतो, उजेड समोरच्या थेंबांवर आपटून परत डोळ्यात येतो आणि पांढरी भिंत दिसते. उन्हाळ्यात पुढच्या गाडीच्या धुळीतही तेच. धुक्यासाठी पिवळा लाइट, ३००० केल्विनच्या आसपासचा, आणि तो बंपरच्या खाली, जितका खाली तितका बरा. टपावरचा बार उपयोगी पडतो तो हळू चालताना, चढाच्या माथ्यावर पलीकडचं बघायला, अडकलेली गाडी काढताना आणि तंबू ठोकताना. एवढं काम असेल तर छोटा बार पुरतो, पन्नास इंची लावायची गरज नाही.

किरणाचा कोन बघा. स्पॉट म्हणजे दहा अंशांच्या आसपासचा झोत, लांब जातो पण बाजूचं काही दिसत नाही. फ्लड म्हणजे साठ अंश किंवा जास्त पसरणारा. ऑफ-रोडचा वेग ताशी पंधरा-वीस, तेव्हा तुम्हाला पाचशे मीटरवरचं झाड दिसून उपयोग नाही, उजव्या चाकाखालचा दगड दिसला पाहिजे. म्हणून माझं मत फ्लडकडे, फार तर दोन्ही मिसळलेला. एक छोटा फ्लड मागच्या बाजूला कामाचा लाइट म्हणून मात्र जरूर घ्या, रात्री रिव्हर्स घेताना आणि स्वयंपाक करताना त्याची किंमत कळते.

वॅटवर विश्वास ठेवू नका. खोक्यावर ३०० वॅट लिहिलेला बार मी मीटर लावून बघितला तर सहा अँपिअरसुद्धा घेत नव्हता, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वॅट. दुकानातच बॅटरीला जोडून मल्टिमीटरने किंवा क्लॅम्पमीटरने करंट बघायला सांगा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॅट. पुढची वायर आणि फ्यूज याच आकड्यावर ठरणार आहे. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा, त्याच्या खालचं रेटिंग घेऊ नका.

६. वायरिंग आधी कागदावर

सगळ्यात जास्त गाड्या इथे बिघडतात म्हणून इथे थोडा वेळ घालवूया.

समजा बार खरोखर १२० वॅटचा आहे. १२ व्होल्टला १० अँपिअर. बॅटरीपासून टपापर्यंत वायर वळत वळत पाच मीटर जाते आणि तितकीच परत येते, एकूण दहा. तांब्याच्या वायरीत किती व्होल्ट वाटेत हरवतात त्याचा साधा हिशोब : ०.०१७५ गुणिले एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले वायरचा चौरस मिमी, गुणिले अँपिअर. एक चौरस मिमीच्या वायरीत पावणेदोन व्होल्ट जातात, दीडच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या जरा खाली, अडीचमध्ये ०.७ आणि चारमध्ये ०.४४. हरवलेले व्होल्ट वायरीत उष्णता बनून बसतात. म्हणून १० अँपिअरला किमान अडीच, जमलं तर चार चौरस मिमी. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका, ऑटो वायरच घ्या, तिच्यात बारीक तारा जास्त असतात, ती कंपनांनी तुटत नाही आणि तिचं आवरण इंजिनच्या उष्णतेत टिकतं.

जोडणी अशी :

बॅटरी प्लस, तिथून वीस सेंमीच्या आत फ्यूज, १० अँपिअरच्या लाइटला १५ चा. फ्यूजमधून रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरची पिन. ८७ नंबरवरून लाइटचा प्लस. ८५ ला अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनस). ८६ ला केबिनमधल्या स्विचची वायर. ४० अँपिअरचा रिले घ्या, पाण्यापासून झाकलेला, पिना खाली तोंड करून बसवायचा म्हणजे पाणी आत साचत नाही.

स्विचला करंट कुठून घ्यायचा? हेडलाइटची वायर सोलून नाही. केबिनच्या फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वायर न कापता जादा कनेक्शन देणारा तुकडा) लावा, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजला, म्हणजे गाडी बंद केली की लाइट आपोआप बंद आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडत नाही. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. फ्यूज टॅपला स्वतःचा छोटा फ्यूज असतो, २ किंवा ३ अँपिअर पुरतो, रिलेची कॉइल फार खात नाही.

अर्थ. नवीन गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे थेट टर्मिनलला अर्थ जोडला तर गाडीला बॅटरीचा हिशोब चुकीचा लागतो. इंजिन बेमधल्या चॅसिसच्या अर्थ पॉइंटला जोडा, आणि रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसल्यावरच. कॅरिअरलाच अर्थ समजून मायनस तिथे टेकवणारे बघितलेत, पावडर कोटिंगमधून करंट जात नाही हो. आणि थारच्या फायबर टॉपवर तर टपातून अर्थ मिळण्याचा प्रश्नच नाही. मायनसची वेगळी वायर खालपर्यंत आणायचीच.

सावधान : माझ्या पहिल्या वायरिंगमध्ये कारागिराने रिले न लावता हेडलाइटच्या वायरीतून बार दिला होता. मुळशीच्या पुढे अर्ध्या तासात डॅशबोर्डखालून जळका वास, उघडलं तर वायरीचं आवरण चिकट झालेलं. फ्यूज उडाला नाही कारण त्याने मोठा टाकून ठेवला होता. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो, तो सारखा उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे कुकरची शिट्टी बांधून ठेवण्यासारखं आहे.

७. जमिनीवर जोडा, मग वर चढवा

रंगून आलेलं कॅरिअर जमिनीवर ठेवा आणि लाइटचे ब्रॅकेट, वायर, कनेक्टर सगळं इथेच लावा. टपावर वाकून क्रिंपिंग (वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोक, चेपून बसवणं) करायला गेलं की ते अर्धवटच होतं.

थिंबल पक्कडीने चेपायचं नाही, क्रिंपिंगचं हत्यार घ्या किंवा कुणाचं आणा. चेपल्यावर जोरात ओढून बघा, निघालं तर बरं झालं, आत्ताच निघालं. वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), आतून गोंद असलेली मिळते ती. काळी टेप उन्हात सहा महिन्यांत चिकट होऊन सुटते. वायर पन्हळी प्लास्टिक पाइपात घालून कॅरिअरच्या पाइपाच्या खालच्या बाजूने न्या, वरून नको, सामानाने घासते. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला लावत असाल तर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना थोडं ग्रीस, नाहीतर वर्षभराने बोल्ट निघणार नाही, तुटेल. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे.

खालीच गाडीच्या बॅटरीवरून लाइट पेटवून बघा. पेटला? मग वर.

परत गोधडी, परत तीन माणसं. टेपच्या खुणांवर क्लॅम्प आणा, पन्हळ आणि क्लॅम्पच्या मध्ये रबराची पट्टी. आवळताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं करू नका, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, मग मधले, थोडं थोडं करत तीन फेऱ्या. टॉर्क (आवळण्याचा जोर) क्लॅम्पबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे, कागद नसेल तर ८ मिमीच्या बोल्टला १५ न्यूटन मीटरच्या आसपास थांबा. पान्याला पाइप लावून जोर काढला तर बोल्टला काही होत नाही, पन्हळ वाकते.

शेवटी प्रत्येक नटवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. घरात जे लाल नेलपॉलिश पडून असेल ते चालतं, विचारून घ्या मात्र.

तपासा : कॅरिअरचा कोपरा धरून गाडी हलवा. गाडी सस्पेन्शनवर डोलली पाहिजे, कॅरिअर एकटं हललं नाही पाहिजे.

८. वायर खाली आणणं

बॅटरीचा मायनस आधी काढा. मगच पुढचं.

टपाला भोक पाडायचं नाही. पुढच्या काचेच्या कडेला जे रबर असतं त्याच्या बाजूने वायर खाली आणा, बॉनेटच्या खाली वायपरच्या जाळीजवळून इंजिन बेमध्ये. बॉनेट बंद करताना वायर चेपत नाही ना बघा. वायर कनेक्टरकडे जिथे वर चढते तिथे खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून झोळाच्या तळाशी टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

स्विचची वायर केबिनमध्ये न्यायला फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी, असतो, त्यातूनच. पत्र्याच्या उघड्या भोकातून नेलेली वायर कंपनांनी सोलली जाते. इंजिन बेमध्ये एक्झॉस्ट आणि पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, आणि दर वीस-पंचवीस सेंमीवर केबल टाय.

सावधान : गाडीला पडद्याच्या (खिडक्यांवर वरून उघडणाऱ्या) एअरबॅग असतील तर काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लास्टिक उघडून त्यातून वायर नेऊ नका. एअरबॅग तिथूनच उघडते, वायर आडवी आली तर ती नीट उघडणार नाही. सफाई दिसावी म्हणून कारागीर हेच सुचवतात. बाहेरून गेलेली वायर दिसते थोडी, दिसू दे.

९. मोजल्याशिवाय झालं म्हणू नका

बॅटरी जोडा, इंजिन चालू करा, लाइट लावा. मल्टिमीटरने बॅटरीवर व्होल्ट बघा, १४ च्या आसपास असतील. मग लाइटच्या कनेक्टरवर बघा. अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक ठीक, एक व्होल्टच्या वर गेला तर एखादा क्रिंप ढिला आहे किंवा अर्थ खराब. बहुतेक वेळा अर्थच.

लाइट पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि फ्यूज, रिले, प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तो जोड उघडा. चावी काढल्यावर लाइट विझतो ना, तेही बघा.

१०. लाइटचा रोख

अंधार पडल्यावर सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर, सामान नेहमीचं. भिंतीवर लाइटच्या उंचीची खूण करा. लाइट १.९ मीटर उंचीवर असेल आणि झोताचा मध्य ४५ मीटरवर जमिनीला लागायला हवा असेल तर भिंतीवर तो खुणेच्या साधारण बेचाळीस सेंमी खाली पडला पाहिजे. बहुतेक जण बार सरळ समोर ठेवतात, मग उजेड झाडांच्या शेंड्यांवर.

आत बसून बॉनेट बघा. चकाकत असेल तर बार जरा मागे सरकवा किंवा बॉनेटच्या मधल्या भागावर काळं मॅट व्हिनाइल लावा.

११. पाणी, आवाज आणि पहिले शंभर किलोमीटर

होज पाइप घेऊन दहा मिनिटं पन्हळ, क्लॅम्प आणि काचेच्या कडेवर पाणी मारा, मग आतलं छताचं कापड आणि पायाखालचं कार्पेट हाताने दाबून बघा, नुसतं बघून ओल कळत नाही.

ट्रॅकवर बार वर असताना वेग वाढला की शिट्टीसारखा आवाज येईल, तो बारच्या मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या खाचांमधून येतो. बारच्या वरच्या कडेला रबराची कडपट्टी लावली की बराच कमी होतो. घूं घूं असा जाड आवाज असेल तर तो सामानाच्या पट्ट्याचा, पट्ट्याला एक पीळ द्या. आणि पट्टा म्हणजे रॅचेटचा, इलॅस्टिकचे हुकवाले दोर ताडपत्री धरायला ठीक, कॅन धरायला नाही.

पन्नास किलोमीटरनंतर थांबून नेलपॉलिशच्या रेघा बघा, शंभरनंतर परत, आणि पहिल्या ऑफ-रोड फेरीनंतर घरी पोचायच्या आधी. नवीन रबर दबतं म्हणून पहिल्यांदा नट थोडे ढिले होणारच, घाबरू नका, त्याच क्रमाने आवळा आणि जुनी रेघ पुसून नवीन ओढा. माझा मागचा डावा दोनदा ढिला झाला, तिसऱ्यांदा क्लॅम्प काढून बघितला तर खाली रबराची पट्टी दुमडून बसली होती.